पाच वजा करा

सकाळचे साडेनऊ झाले होते. हत्यारं उकळून झाकून ठेवली होती, बाकावर दोन पेशंट येऊन बसले होते आणि मी रजिस्टरात तारीख टाकून मॅडमची वाट बघत होते. त्या आदल्या दिवशी दौंडला माहेरी गेल्या होत्या, पहिल्या एसटीने परत येणार होत्या. फोन वाजला तेव्हा मला वाटलं, एसटी चुकली असेल. पलीकडून त्यांचा धाकटा भाऊ बोलत होता. "सुमन, आपा गेल्या. पहाटे फजरची नमाज पढून उठताना पडल्या, त्या उठल्याच न्हाईत." मी "बरं" म्हणाले. माणूस गेल्याच्या बातमीला "बरं" म्हणणारी मी एकटीच असेन. फोन ठेवला, बाकावरच्या दोघांची तोंडं मोजली, आकडे लिहिले, दवाखान्याला कुलूप लावलं आणि दौंडची गाडी धरली. न्हावऱ्याच्या पुढे कधीतरी रडू आलं.

डॉ. जमिला तांबोळी यांना जाऊन आता सात आठवडे झाले. शिरूरच्या डॉक्टर मंडळींनी शोकसभा घेतली. पुण्याहून मोठे सर आले होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की प्रसिद्धी होते आणि ती त्यांना आजवर पुरेशी फुकट मिळाली आहे. सर म्हणाले, जमिला माझी विद्यार्थिनी. आमच्यात एकदा मतभेद झाले, पण तिचं मन मोठं. दरवर्षी न चुकता तिचं पत्र यायचं, इतकी ती क्षमाशील होती. लोकांनी माना हलवल्या. एका बाईंनी डोळे पुसले. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्या पत्रांवरचे पत्ते माझ्या अक्षरातले आहेत आणि मजकूरही. मी तिथंच उठायला हवं होतं, उठले नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी चांगलंच सांगणार आहे. मॅडमनी त्या माणसाला शेवटच्या श्वासापर्यंत माफ केलं नव्हतं.

माझी ओळख सांगायची तर मी कवठे येमाईची. सात वर्षांची असताना चिंचेवरून पडले आणि हनुवटी दगडावर आपटली. रक्त पुसलं, हळद भरली, विषय संपला. पण वर्षभरात माझं तोंड थोडं थोडं करत बंद होत गेलं. कानापाशी जबड्याचा जो सांधा असतो तो आतल्या आत कवटीला चिकटून हाडाचं एकच गाठोडं झालं होतं, हे कळायला पुढे बारा वर्षं लागली. तोवर घरच्यांनी येमाईला नवस केले, कुणी म्हणालं पोरीनं देवीची चिंच खाल्ली. दोन दात पाडून फट करून घेतली होती, तिच्यातून ताक, पेज आणि भाकरीचा पातळ काला जायचा. ओठ हलवून बोलायचे, पण शब्द दातांमागेच अडायचे. शाळेत मला मुकी म्हणायचे. ज्यांनी म्हटलं त्या सगळ्यांची नावं आजही माझ्या लक्षात आहेत. तोंड बंद असलं की माणूस विसरत नाही.

एकोणिसाव्या वर्षी मामानं शिरूरला नव्यानं आलेल्या जबड्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वय जेमतेम तिशीचं, खादीचा दुपट्टा, आवाज रेल्वेच्या शिट्टीसारखा. त्यांनी माझ्या कानापुढे बोट ठेवलं, मला दात दाबायला लावले आणि म्हणाल्या, "देवीनं न्हाई बंद केलं. हाडानं केलंय. हाड मी कापते." ऑपरेशन पुण्याला, सरांच्या मोठ्या रुग्णालयात झालं, कारण बंद तोंडाच्या माणसाला भूल देताना नळी नाकातून घालावी लागते आणि ती सोय आमच्याकडे नव्हती. कागदावर सर्जन म्हणून सरांचं नाव होतं. कापणारे हात मॅडमचे होते. सर दहा मिनिटं डोकावून गेले, हे मला पुढे तिथल्या नर्सनं सांगितलं. चौथ्या महिन्यात मॅडमनी माझ्या हातात एक पेरू ठेवला आणि चावून दाखव म्हणाल्या. मी चावला. त्यांनी तो पेरू हातात घेऊन दातांचे व्रण कितीतरी वेळ बघितले आणि उरलेला स्वतः खाऊन टाकला.

त्यानंतर मी घरी गेलेच नाही म्हटलं तरी चालेल. मॅडमना मदतनीस हवी होती आणि मला पोटभर बोलायला माणूस हवं होतं. काम काय, तर ऑपरेशन झालेल्यांची तोंडं पुन्हा बंद होऊ द्यायची नाहीत. दातांमध्ये आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत घालायची, दुखेपर्यंत ठेवायची, दर आठवड्याला एक काडी वाढवायची. डोळ्यांतून पाणी येतं, शिव्या येतात. काड्या सोडल्या की हाड पुन्हा धरतं. मॅडमचं म्हणणं एवढंच होतं की ऑपरेशन टेबलावर यशस्वी होत नाही, ते घरी होतं, आणि काड्या महिने नव्हे, वर्षं चालल्या पाहिजेत. हे सिद्ध करायचं तर माणसं वर्षानुवर्षं मोजायला हवीत. शहरातल्या दवाखान्यात बरा झालेला माणूस परत तोंड दाखवत नाही. आमच्याकडे मात्र बाजारच्या दिवशी सगळा तालुका शिरूरला येतो. भाजी घ्यायच्या आधी पायरीवर बसून तोंड मोजून जायचं, अशी पद्धतच पडली. जो यायचा नाही त्याच्या गावाला मॅडम स्वतः जायच्या. कारेगावात कंपनीच्या गेटवर शिफ्ट सुटताना उभं राहून आम्ही कामगारांची तोंडं मोजली आहेत. वॉचमन हसायचा.

मोजायची पट्टी मॅडमच्या वडिलांनी केलेली. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो, ते दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते. त्यांनी एका जुन्या स्टीलच्या फूटपट्टीचा तुकडा कापला आणि खालचा दात नीट बसावा म्हणून टोकाला एक खाच घासली. दात खाचेत बसवायचा, वरचा दात जिथं येईल तो आकडा वाचायचा. फक्त खाचेचा तळ शून्यावर नव्हता, पाच मिलिमीटरच्या रेघेवर होता. म्हणजे पट्टी बत्तीस दाखवत असेल तर तोंड सत्तावीस उघडतं. चाचांचा दंडक असा की मीटर जे दाखवतो तेच वहीत लिहायचं, डोक्यात सुधारून लिहायचं नाही, नाहीतर कोणी सुधारलं आणि कोणी नाही याचा पत्ता लागत नाही. शेडमध्ये तसंच चालायचं. म्हणून आमच्या रजिस्टरात पट्टीवर दिसेल तो आकडा जायचा. पाच वजा करायचं काम मॅडम नंतर एकत्र, शांतपणे करायच्या, वेगळ्या कागदावर. दवाखान्यात झाडणाऱ्या मावशींनाही हे ठाऊक होतं. सरांना नव्हतं. त्यांनी ती पट्टी कधी हातात धरलीच नव्हती.

आता माझ्या रागाकडे येते. ऑपरेशननंतर तीनेक वर्षांनी सरांनी पुण्याच्या एका सभेत मला बोलावून घेतलं. भरलेला हॉल, मंचावर दिवे. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "बाळ, तोंड उघड," म्हणाले आणि दोन बोटं माझ्या दातांमध्ये घालून लोकांकडे वळले. ही माझी केस, म्हणाले. टाळ्या वाजल्या. मॅडम शेवटून दुसऱ्या रांगेत भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्याही टाळ्या वाजवत होत्या, हळू. तेव्हाच चावायला हवं होतं. बोटं तोंडात होती, जबडा चांगला चालत होता, मॅडमनीच चालवला होता… परतीच्या गाडीत मी हे बोलून दाखवलं तर मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "चावली असतीस तर म्हणाले असते, बघा, माझ्या केसची पकड किती मजबूत हाय." आम्ही दोघी हसलो. मी हसले, पण सोडलं नाही.

पुढच्या वर्षी सरांचा निरोप आला, रजिस्टरं बघायला शिकाऊ डॉक्टरीण पाठवतोय, आपण मिळून लेख लिहू. मॅडम खूश झाल्या. ती मुलगी आली त्या दिवशी चाचांना बरं नव्हतं म्हणून मॅडम दौंडला होत्या. मी तिला रजिस्टरं दिली. चौकात झेरॉक्स काढून ती परत आली, चहा प्यायली. जाता जाता तिच्या बॅगेतला एक टाइप केलेला कागद माझ्यासमोर टेबलावर पडला. इंग्रजी मला फार येत नाही, पण नावं वाचता येतात. वर सरांचं नाव होतं, खाली आणखी तिघांची. मॅडमचं नव्हतं. लेख आकड्यांआधीच तयार होता, आणि त्यात मॅडम नव्हत्या. मुलीनं रजिस्टरावर बोट ठेवून विचारलं, "हे सगळे आकडे मिलिमीटरमध्येच ना?" पट्टी तिच्या डोक्यामागे खिळ्याला लटकत होती. मी म्हणाले, "व्हय. मिलिमीटरच." खोटं एक अक्षर बोलले नाही. फक्त पट्टी खाली काढून खाच दाखवली नाही. ती गेल्यावर मी दार लावलं आणि एकटीच हसले. पुढचे कित्येक महिने ती गोष्ट मी लाडवासारखी लपवून ठेवली होती. येता जाता आठवायची, तोंड गोड करायची.

लेख छापून आला. मॅडमचं नाव सगळ्यात शेवटी, आभारात, क्लार्क आणि फोटोग्राफर यांच्या जोडीला. मॅडमनी उभ्या उभ्या तो वाचला, मग खुर्चीत बसून पेन्सिल घेऊन वाचला. मी दारात उभी होते, लाडू आता फुटणार म्हणून. त्या एकदम हसायला लागल्या. "वजाच न्हाई केले," म्हणाल्या, "गाढवानं पाच वजाच न्हाई केले." मग मी फुशारकीनं सगळं सांगितलं. तो कागद, ती मुलगी, माझं ते "व्हय". मॅडमचं हसू विझलं. त्यांनी लेखाचं शेवटचं पान माझ्यापुढे सरकवलं आणि मराठीत सांगितलं. तीसच्या वर तोंड उघडलं की यश, असं सरांनी धरलं होतं. काड्या लवकर सोडलेल्या लोकांची तोंडं पुन्हा बंद होत सत्तावीस, अठ्ठावीसवर आली होती, ती आमच्या रजिस्टरात बत्तीस, तेहेतीस दिसत होती. सरांनी त्यावरून लिहिलं होतं की तीन महिने व्यायाम पुरेसा आहे. मॅडमनी आयुष्यभर जे सिद्ध करायला घेतलं होतं त्याच्या बरोबर उलटं, त्यांच्याच आकड्यांनी. "सुमन, तू सरांचं नाक कापायला गेलीस," त्या म्हणाल्या. "हे वाचून कुणीतरी एका पोरीच्या काड्या सोडवंल."

त्यांनी सरांना पत्र लिहिलं, खाचेचं चित्र काढून. उत्तर नाही. त्या मासिकाला लिहिलं, तर लेखकांची सही असलेली दुरुस्ती पाठवा असं उत्तर आलं. लेखक कोण, तर सर. आकडे चुकले म्हणायचं तर आकडे कुठून आणले हे सांगावं लागलं असतं. शेवटी एका परिषदेत सरांचं भाषण झाल्यावर मॅडम उठल्या. मीही सोबत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, सर, मोजायच्या पट्टीचं शून्य कुठं होतं? सर हसले. म्हणाले, "आमच्याकडे शून्य शून्यावरच असतं. आम्ही पट्ट्या लोहाराकडून करून घेत नाही." हॉल हसला. मॅडमच्या पर्समध्ये पट्टी होती. त्यांचा हात पर्सवर होता, चेन अर्धी उघडली होती… आणि त्यांनी ती बंद केली. चाचांना जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. बापाच्या हातची वस्तू त्या हसणाऱ्यांसमोर काढावीशी वाटली नाही, असं पुढे एकदा म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांचा राग माझ्या रागाहून मोठा झाला. माझा राग चुलीतल्या जाळासारखा, आला की भडकणारा. त्यांचा राखेखालचा.

मग ती पोर आली. दौंडच्या रेल्वे कॉलनीतली, चौदा वर्षांची, आईबरोबर. ऑपरेशन दुसरीकडे झालेलं, चांगलं झालेलं. तीन महिन्यांनी तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता काड्या बंद, नवीन अभ्यास तसं सांगतो. वर्षभरानं दातांमध्ये माझं नखही जाईना. आई म्हणाली, "पोरगी काड्या करत व्हती ओ, डॉक्टरच नगं म्हणले." मी मोजायला पट्टी घेतली आणि खाचेत बसवायला दातच उघडत नव्हते. त्या पोरीनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती माझी ओळखीची नजर होती, बारा वर्षं मी आरशात बघितलेली. मॅडमनी तिचं पुन्हा ऑपरेशन केलं. मला फक्त एवढं सांगितलं, हिच्या काड्या तू करायच्या, रोज. वर्षभर मी दर आठवड्याचे चार दिवस दौंडला राहिले. ती रडायची, माझे हात ओरबाडायची, मी सोडायची नाही. सरांवरचा माझा सूड तिच्या तोंडात अडकला होता, आणि तो काडीकाडीनं मलाच बाहेर काढावा लागला.

त्याच वर्षी पहिलं कार्ड गेलं. मॅडमनी साधं पोस्टकार्ड माझ्यापुढे ठेवलं आणि लिही म्हणाल्या. "दौंड, रेल्वे कॉलनी. वय चौदा. तीन महिन्यांनी व्यायाम थांबवला. पाच वजा करा." नाव नाही, सही नाही. पत्ता सरांच्या घरचा नको, कॉलेजच्या विभागाचा. मी म्हटलं, पाकिटात घालूया. त्या म्हणाल्या, "पाकीट फोडणारा एकच असतो. कार्ड पोस्टमन वाचतो, शिपाई वाचतो, क्लार्क वाचतो, पोरं वाचतात." लेख आला त्या महिन्यात दरवर्षी एक कार्ड जायचं. असं बंद झालेलं तोंड घेऊन कुणी ना कुणी यायचंच, कधी श्रीगोंद्याकडून, कधी पारनेरकडून, आणि त्या वर्षीचं कार्ड त्याचं असायचं. एका शिपायानं म्हणे सरांना विचारलं होतं, साहेब, ही कोण बाई गणित शिकवते? हे ऐकून मॅडमनी दवाखान्यात सगळ्यांना भेळ दिली. अशी ती सरांच्या भाषणातली क्षमा. तिला दरवर्षी पोस्टाचा शिक्का बसायचा.

मॅडमचं अक्षर माझ्याहून शंभरपट चांगलं होतं. मग प्रत्येक कार्ड त्या माझ्याकडून का लिहून घ्यायच्या? मला वाटायचं, सरांना त्यांचं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. पण ओळखूच यावं अशीच तर सगळी खटपट होती… हे कोडं अलीकडेच सुटलं. त्यांच्या चाळिसाव्या दिवसाला दौंडला गेले तेव्हा भावानं त्यांची पर्स माझ्या हातात दिली, आत एक कोरं पोस्टकार्ड होतं. या वर्षीचं. ते कार्ड हातात घेतल्यावर कळलं. "पाच वजा करा" हे वाक्य त्यांनी दरवर्षी एकाला पाठवलं आणि एकीकडून लिहून घेतलं. सरांना माफी नव्हती आणि मलाही नव्हती. मला त्याचं वाईट वाटत नाही. पुढच्या इतक्या वर्षांत त्यांनी मला त्या "व्हय"वरून एकदाही बोल लावला नाही, मायेत कमी केलं नाही, आणि विसरूही दिलं नाही. आजारपणात माझं डोकं चेपलं ते त्याच हातांनी, ज्या हातांनी कार्ड पुढे सरकवलं.

दवाखान्याचं पुढे काय होणार ठाऊक नाही. बाजारच्या दिवशी माणसं अजून पायरीवर येऊन बसतात आणि मी मोजते. पट्टी तिच्या खिळ्यावरच आहे. रविवारी कोणी नव्हतं तेव्हा आरशासमोर उभी राहून मी माझंच तोंड मोजलं. पट्टी एकोणचाळीस दाखवत होती. रजिस्टरात एकोणचाळीस लिहिलं. मग कार्ड घेतलं. "रजिस्टर क्रमांक एक. कवठे येमाई. काड्या कधीच थांबवल्या नाहीत. पाच वजा करा." खाली थोडी जागा उरली होती. तिथं लिहिलं, "तुम्ही रजिस्टरं बघायला पाठवलेल्या मुलीला खाच न दाखवणारी ती मी. सुमन." सोमवारी पोस्टात नेलं. पेटीत न टाकता खिडकीवर दिलं. शिक्का मारायच्या आधी पोस्टातल्या भाऊंनी ते वर-खाली वाचलं आणि माझ्याकडे चोरट्यासारखं बघितलं.

"वाचा की," मी म्हणाले. "त्याच्यासाठीच कार्ड हाय."